जुनेर

यंदाच्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. तिसरा तास संपवून मी शिक्षकांच्या खोलीत चहाची वाट पाहत बसलो होतो. इतक्यात राष्ट्रीय सेवा योजनेची तीन मुले दारात येऊन उभी राहिली. मुलगी पुढे आणि दोघे मुलगे तिच्या पाठीमागे. आमच्या कॉलेजात अलीकडे हाच क्रम असतो. मुलीच्या हातात एक कागद होता. त्यावर रंगीत शाईने मथळा काढून झाला होता आणि खाली पोत्यांचा अंदाजही मांडला होता.

"सर, धरालीसाठी कपडे गोळा करू या ना? आम्ही सगळं ठरवलंय. फक्त तुमची सही हवी."

५ ऑगस्ट २०२५ ला भर दुपारी उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धराली गावावर खीरगंगेचा ओढा चिखल आणि दगडगोटे घेऊन कोसळला. गंगोत्रीच्या वाटेवरचे ते गाव बघता बघता गाडले गेले. समोरच्या डोंगरावरच्या मुखबा गावची माणसे वरून शिट्ट्या मारीत होती, 'पळा पळा' म्हणून ओरडत होती. ते चित्र आणि त्या शिट्ट्या साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिल्या-ऐकल्या. मुलांनीही पाहिल्या असणार. मी एकदाच ऐकल्या आणि फोन पालथा घालून ठेवला.

मी म्हणालो, "कपडे नकोत."

माझा आवाज जरा जास्तच चढला असावा. मागच्या दोघांपैकी एक मुलगा चक्क एक पाऊल मागे सरकला. मुलगी मात्र जागची हलली नाही. "का नकोत, सर?" तिने विचारले. प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर पुढच्या तासाची घंटा होईपर्यंतच्या सात मिनिटांत देण्यासारखे नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाला सात मिनिटांत काहीच सांगता येत नाही, असे माझी बायको म्हणते. मी त्यांना "उद्या या" म्हणून सांगितले. ती उद्या आली, परवाही आली. मी काही ना काही सबब सांगून वेळ मारून नेली. जे त्यांना सांगायचे होते ते आता इथे सांगतो.

जून २०१३ मध्ये माझी थोरली मावशी केदारनाथला गेली होती. वाईची. वय त्रेसष्ट. काका जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती, आणि त्या अठरा वर्षांत तिने स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. चार धाम. एका यात्रा कंपनीबरोबर ती गेली. जाताना मला म्हणाली, "परत आले नाही तर रडू नकोस, माझं सोनं होईल." अशी वाक्ये म्हातारी माणसे जाताना बोलतात आणि परत येताना विसरतात.

१६ जूनला संध्याकाळी आणि मग १७ ला सकाळी केदारनाथवर जे झाले ते पुन्हा सांगण्याची गरज नाही. देवळाच्या वरच्या अंगाला चोराबारी नावाचे तळे होते. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली त्यात सोडला होता, म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणत. सततच्या पावसाने ते भरले आणि १७ च्या सकाळी त्याचा काठ फुटला. वाटेवरचे रामबाडा हे मुक्कामाचे ठिकाण नकाशावरून पुसले गेले. पाच हजारांवर माणसे गेली किंवा बेपत्ता झाली, आणि या बेपत्ता शब्दाशीच पुढे माझी गाठ पडायची होती.

मावशी त्या वेळी खाली सोनप्रयागला उतरली होती. तिचा फोन लागेना. पहिले दोन दिवस आम्ही दूरदर्शनसमोरून हललो नाही. तिसऱ्या दिवसापासून तो डबा बंद करून ठेवला. कंपनीच्या कचेरीत कोणी फोन उचलीत नव्हते. सहाव्या दिवशी डेहराडूनहून कोणा परक्या माणसाच्या फोनवरून मावशीचा आवाज आला. ती म्हणाली, "मी आहे. माझा चष्मा गेला." बस्स. त्यानंतर फोन कट झाला. आई तासभर नुसती 'चष्मा गेला, चष्मा गेला' म्हणत हसत आणि रडत होती.

मावशी परत आली ती निम्मी होऊन. ती हळूहळू तुकड्यातुकड्यांनी सांगे. नदीचा आवाज वाढला तशी ही मंडळी हॉटेल सोडून डोंगर चढू लागली. पायात चपला नव्हत्या. संध्याकाळपर्यंत चढून ती एका गावात पोचली. गाव कसले, वीस-पंचवीस घरे. त्या गावाने त्या रात्री दीडशे माणसे घरात घेतली. मावशीच्या वाट्याला जे घर आले त्याच्या दारात अक्रोडाचे झाड होते. घरधनीण तिशी-पस्तिशीची. तिचे नाव मावशीला कधीच नीट उच्चारता आले नाही, म्हणून ती तिला 'अक्रोडवाली' म्हणे. त्या बाईने पाच दिवस अकरा माणसांना जेवू घातले. मंडुव्याच्या भाकरी आणि मीठ. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. "अरे, हिमालयात जाऊन मी आपली नाचणीची भाकरी खाल्ली," हे मात्र मावशी प्रत्येकाला सांगे.

मग हेलिकॉप्टर आले. ते उतरायला सपाट जागा कुठे? अक्रोडवालीच्या घराखाली तिचे नाचणीचे शेत होते, नुकतीच रोपे वर आलेली. त्यातले दगड गावकऱ्यांनी वेचून काढले आणि मध्यभागी पांढरी चादर पसरली. चार खेपा झाल्या. मावशी तिसऱ्या खेपेत बसली. वरून तिने खाली पाहिले, तर शेत शेणाने सारवल्यासारखे सपाट झालेले दिसले.

त्या वैमानिकांचे आणि जवानांचे उपकार कोण विसरेल? २५ जूनला गौरीकुंडाजवळ वायुसेनेचे एक हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले, त्यात वीस जण गेले. दुसऱ्या दिवशी बाकीची पुन्हा उडाली. लाखाहून अधिक माणसे त्या दिवसांत बाहेर काढली गेली, त्यांत आमची मावशी एक. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. पण यात्रेकरू घरी पोचले आणि कॅमेरेवाले परतले, तेव्हा वर्तमानपत्रांतून ही गोष्ट जणू संपली. पुराचा फटका बसलेली चार हजारांवर गावे मात्र जिथल्या तिथे होती. त्यांना कोण कुठे काढणार? ती आपल्या घरीच होती.

आता माझी करामत ऐका.

जूनच्या अखेरीस कॉलेज उघडले. मी तेव्हा सेवा योजनेचा नवा अधिकारी होतो आणि अंगात मावशी वाचल्याचा आनंद मावत नव्हता. मी कपडे गोळा करण्याची मोहीम काढली. फलक मीच लिहिला. अनुप्रास साधलेली दोन ओळींची घोषणाही माझीच. ती आज आठवली तरी कानांत बोटे घालावीशी वाटतात. आठ दिवसांत एक्केचाळीस पोती भरली. गावात कोणी 'नाही' म्हटले नाही. लोक दार उघडायचे आणि आत जाऊन गाठोडेच घेऊन यायचे. जणू ते बांधूनच ठेवलेले होते.

पोत्यांत काय नव्हते? नायलॉनच्या साड्या, फाटलेली परकर-पोलकी, मुलांचे बंद पडलेल्या शाळेचे गणवेश, एका पायाचे बूट, लग्नातला सोनेरी वेलबुट्टीचा कोट, आणि एका घरून तर वकिली काळा डगला. आपल्याकडे वापरून विरलेल्या लुगड्याला 'जुनेर' म्हणतात. मोठा मायेचा शब्द आहे. आजीच्या जुनेराची गोधडी होते, बाळाची दुपटी होतात. पण जुनेर हे घरातल्या घरात फिरण्याचे वस्त्र. ते उंबऱ्याबाहेर गेले की त्याची माया संपते आणि ते नुसते जुने होते.

हे मला कळायला हवे होते. कारण आमच्या घरातच एक वाक्प्रचार आहे, जो कोणत्याही कोशात नाही: 'पानशेतचं पातळ'. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटून पुणे बुडाले. त्यात माझ्या आजीचे नारायण पेठेतले बिऱ्हाड गेले. नंतर कोण्या एका मंडळाने तिला एक पातळ दिले. उंची होते, पण वापरलेले. आणि त्याच्या पदराला अत्तराचा वास होता. आजीने हात जोडून ते घेतले आणि आयुष्यात कधी नेसले नाही. टाकलेही नाही. तेव्हापासून नको असलेली आणि तरी आभार मानून घ्यावी लागणारी प्रत्येक वस्तू आमच्या घरी 'पानशेतचं पातळ' झाली. लग्नात मला मिळालेली चार भिंतीवरची घड्याळे ही पानशेतची पातळेच. या वाक्प्रचारावर मी वर्गात दोनदा व्याख्यान दिले आहे. आणि तोच मी एक्केचाळीस पोती शिवीत होतो!

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो: मी, आमचे वनस्पतिशास्त्रवाले आणि दोन विद्यार्थी. पोती रेल्वेने हरिद्वारला, तिथून भाड्याचा ट्रक. मावशीने आदल्या दिवशी वाईहून येऊन माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "ही अक्रोडवालीला दे. नीट घरात बसून दे. वाईच्या दीदीनं पाठवलीय म्हणून सांग. आणि ओटी आहे, तेव्हा तू घालू नकोस पदरात, गावातली एखादी म्हातारी बोलाव."

पिशवीत कोरे सुती पातळ होते, घडी न मोडलेले. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, आणि कुंकवाची पुडी.

ऋषिकेशच्या वर देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग. रुद्रप्रयागला अलकनंदेला मंदाकिनी मिळते. तिथून मंदाकिनीच्या काठाने रस्ता वर जातो, म्हणजे जात असे. कुठे अर्धा रस्ता नदीत, कुठे सगळाच. डोंगर नव्याने खरवडून काढलेल्या वाटेवरून ट्रक दोन-दोन तास उभा राही. त्या वाटेवर मी पहिला ढीग पाहिला. मला वाटले, दरड कोसळली आहे. जवळ गेलो तर कपडे. पावसात कुजलेले, चिखलात तुडवलेले. त्यावर एक खेचर उभे होते. पुढे दुसरा ढीग, मग तिसरा. कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेले ट्रक पुढे रस्ता नाही म्हणून तिथेच रिकामे होऊन परतले होते. आमचा ड्रायव्हर हसला. म्हणाला, "साहेब, या वर्षी पहाडात कपड्यांचं पीक चांगलं आलंय." आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

गुप्तकाशीला एका शाळेत मदतीचे कोठार होते. तिथल्या कारकुनाने ताडपत्री उचलून पोती पाहिली आणि हात जोडले. "कपडे उतरवू नका. माझ्याकडे दोन खोल्या भरल्यात. पोरांना बसायला जागा नाही."

"मग तुम्हांला हवं काय?"

तो क्षणभर बघत राहिला. हा प्रश्न त्याला फारसा कोणी विचारला नसावा. मग तो भराभर सांगू लागला. ताडपत्री. दोरखंड. मीठ, तेल, काडेपेट्या. कंदील. बायकांसाठी लागते ते सामान, जे मागायला त्या लाजतात. खेचरांना चंदी. आणि पाठीवर ओझे घेऊन चढू शकतील अशी माणसे, कारण सामान इथवर येते, पुढची गावे पायवाटेची आहेत आणि पूल गेले आहेत.

खेचरांची चंदी! मी मनात हसलो. माणसे मरताहेत आणि हा खेचरांचे काय घेऊन बसलाय? वनस्पतिशास्त्रवाल्यांनी मात्र वहीत टिपून घेतले. त्यांना सह्याद्री पायांखालून ठाऊक आहे. त्यांनी मला समजावले की इथली शेती पोटाला चार-सहा महिने पुरेल एवढीच. बाकीचे वर्ष यात्रेवर. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास यात्रा सुरू होते, भाऊबिजेला केदारनाथाचे दार बंद होते. त्या सहा महिन्यांत चहाची टपरी, डोली, खेचर यांवर जे मिळेल ते वर्षभर खायचे. खेचर बहुधा कर्जाचे. ते मेले तरी कर्ज मरत नाही. आणि जगले तर त्याला खायला घालायला हवे, नाहीतर पुढच्या वर्षी काय करणार? माणसाला दोन महिने धान्य देऊन वाचवता येते, पण त्या घराला वाचवायचे तर खेचर वाचले पाहिजे. एवढे सरळ गणित, पण मला ते उमगायला गुप्तकाशीपर्यंत यावे लागले.

पोती शाळेच्या व्हरांड्यात उतरवली. उतरवली कसली, टाकली. कारकून काही बोलला नाही. वनस्पतिशास्त्रवाले दोन्ही मुलांना घेऊन माघारी रुद्रप्रयागला गेले आणि जमवलेल्या पैशांतून ताडपत्र्या, दोर, मीठ आणि चंदी घेऊन दुसऱ्या दिवशी रात्री परतले. पुढे कॉलेजला त्या कामाबद्दल एक ढाल मिळाली. ती स्वीकारतानाचा फोटो माझा आहे.

अक्रोडवालीच्या गावी आम्ही पाठीवर ओझी घेऊन चाललो. जिथवर जीप जाई तिथवर जीप, पुढे पायी. गावाच्या अलीकडे एक गधेरा आडवा येतो. गधेरा म्हणजे डोंगरी ओढा. पण उन्हाळ्यात पोरे उडी मारून ओलांडतात तो हाच, हे सांगूनही खरे वाटणार नाही असे त्याचे रूप होते. पूल गेला होता. गावकऱ्यांनी एक तार ताणून त्यावर लाकडी खोके लटकवले होते. पलीकडून एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा दोर ओढीत होता. त्याच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. दोर ओढताना बोटे चेचतात. अंगात मात्र त्याच्या कोणाच्या तरी लग्नातला चकचकीत कोट होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या. आमच्या पोत्यातला नव्हे, कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या पोत्यातला. त्याने आमच्यातल्या एकेकाला ओढून घेतले आणि एक शब्दही बोलला नाही. अक्रोडवालीचे घर विचारले तेव्हा तो पुढे चालू लागला. ते त्याचेच घर होते.

वाईच्या दीदीचे नाव काढताच त्या बाईने माझा हात धरला आणि "भैजी" म्हणाली. मावशीच्या चष्म्याची चौकशी केली. नवा केला म्हटल्यावर तिला फार बरे वाटले. आम्ही ओझी उतरवली. तिने ताडपत्री उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिली, बोटाने जाडी पाहिली, आणि ती घराच्या कोणत्या कोपऱ्यावर टाकायची ते मुलाला खुणेने सांगितले.

चुलीजवळ, दिव्याच्या बैठकीखाली एक छापील कागद दाबून ठेवला होता. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी सहज विचारले, तेव्हा तिने तो आमच्यापुढे सरकवला. पटवारी दोनदा येऊन गेला होता. तिचा नवरा रामबाड्याला चहाची टपरी चालवी. सोळा तारखेच्या संध्याकाळनंतर त्याला कोणी पाहिले नव्हते. मुलगा खेचर घेऊन वर गेला होता, तो चौथ्या दिवशी जंगलातून एकटाच घरी आला. बेपत्ता माणूस सात वर्षे सापडला नाही तर मेला असे कायदा धरून चालतो. इथे सरकारने सवलत केली होती, तेवढे थांबायला नको. घरच्यांनी लिहून दिले की चौकशी होऊन पैसे मिळणार होते. पटवारी भला माणूस होता, तिच्या हितासाठीच खेपा घालीत होता. तिने अंगठा दिला नव्हता.

"कोणी पाहिलं?" ती म्हणाली. एवढेच.

तिच्या भांगात शेंदूर होता.

आणि माझ्या मांडीवर पिशवी होती. आत खण, नारळ, कुंकू.

मी स्वतःला सुधारक समजतो. विधवेच्या प्रश्नावर आगरकरांपासून आजवर काय काय लिहिले गेले ते मी दरवर्षी शिकवतो. त्या क्षणी यांतले काहीही उपयोगी पडले नाही. मला एवढेच सुचले की मावशीला हे ठाऊक नाही. ठाऊक असते तर तिने हे कुंकू पाठवलेच नसते. आता ही ओटी या बाईपुढे ठेवायची म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळायचे. आणि एखादी म्हातारी बोलावली तर साऱ्या गावासमोर. मी पिशवीत हात घातला, वरचे पातळ तेवढे काढून तिला दिले आणि पिशवी पायाशी ठेवली.

तिने पातळ कपाळाला लावले. नव्या कापडाचा वास घेतला. तिच्या खोलीच्या कोपऱ्यात देणगीच्या कपड्यांचे एक बोचके पडले होते, त्याच्याकडे न बघता ती उठली आणि ते पातळ पेटीत ठेवून आली.

तिने आम्हांला भाकरी आणि अक्रोडाची चटणी वाढली. शेताचे विचारले तर म्हणाली, मंडुवा पुन्हा पेरायला उशीर झाला होता, तिथे आता काही नाही. तक्रारीचा सूर नव्हता. पावसाबद्दल बोलावे तसे बोलली.

निघताना ती म्हणाली, "दीदीसाठी अक्रोड नेता ना? गेल्या वर्षीचे आहेत." आणि मी काही म्हणण्याआधीच तिने माझ्या पायाजवळची पिशवी उचलली. ती जड लागली. तिने आत हात घातला. नारळ तिच्या हाताला लागला असणार, खण लागला असणार. कुंकवाची पुडी तर वरच होती. तिचा हात आत तसाच राहिला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिने माझ्याकडे न पाहता हात बाहेर काढला, कोनाड्यातले अक्रोड ओंजळीने घेतले आणि त्या सगळ्यावर ओतले. चार ओंजळी. पिशवीचे तोंड बांधून ती माझ्या हातात दिली.

पोराने आम्हांला परत पलीकडे पोचवले. मी त्याला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले. मला त्याचा फार आधार वाटला.

गुप्तकाशीला आमची पोती होती तशीच होती. एकाचे तोंड सुटले होते आणि त्यात कुत्रीने पिल्ले घातली होती. म्हणजे अगदीच वाया गेली म्हणता येणार नाही.

वाईला जाऊन मी मावशीला पिशवी दिली. तिने अक्रोड परातीत ओतले आणि त्यांच्यामागून नारळ गडगडत आला. ती काही वेळ नारळाकडे पाहत राहिली.

"दिली नाहीस?"

मी सगळे सांगितले. नवऱ्याची बातमी जरा जपूनच सांगायला लागलो, तर तिने मला मध्येच थांबवले. "मला ठाऊक आहे. पोरगा चौथ्या दिवशी आला तेव्हा मी तिथंच होते. त्या रात्री ती माझ्याजवळ निजली होती."

"मग ठाऊक असून तू ओटी—"

"ओटी काय नवऱ्याची असते होय रे?" मावशीचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होते. "मी पांढऱ्या कपाळाची बाई. पाच दिवस तिच्या घरात जेवले. माझ्यासमोर तिनं शेत तुडवायला दिलं. मी तिला माहेरची म्हणून ओटी पाठवली होती. घ्यायची का नाही ते तिनं ठरवलं असतं. तू कोण मधल्यामधे?"

मग थोड्या वेळाने, "तिनं पाहिला नारळ?"

मी मान हलवली.

मावशी उठून आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अक्रोड मात्र तिने वाईत घरोघर दोन-दोन वाटले, प्रसाद वाटावा तसे.

मावशी २०१९ मध्ये गेली. तिने तो नारळ फोडला नव्हता की नदीत सोडला नव्हता. तो देवघरात होता. आता आमच्या देवघरात आहे. पाणी केव्हाच आटले. हलवला की आत गोटा वाजतो.

यंदाच्या त्या मुलांना अखेर एका संध्याकाळी घरी बोलावून चहा दिला आणि हे सारे सांगितले. ढालीचेही सांगितले. ती मुले माझ्याहून शहाणी निघाली. धरालीच्या खालच्या अंगाला रस्ता तुटलेला, गंगनानीजवळ पूल वाहून गेलेला, तिथे सैन्याने आणि सीमा सडकवाल्यांनी लोखंडी पूल उभा केला, ही माहिती त्यांच्याजवळ आधीच होती. त्यांनी दोन दिवस फोन करून करून उत्तरकाशीचा एक शिक्षक गाठला आणि काय हवे ते विचारून घेतले. आमच्या कारकुनाच्या यादीशी ती यादी बरीचशी जुळत होती. कागदावरचा रंगीत मथळा मुलीने स्वतःच फाडला. त्यांनी पैसे जमवले. पोत्यांपेक्षा फार सावकाश जमले. जी घरे गाठोडे तयार ठेवून होती तीच घरे पन्नासची नोट काढायला दोनदा आत जाऊन येत होती. पण जमले. मग सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला आणि मुले पुन्हा फोन घेऊन बसली.

चहा घेऊन निघताना ती मुलगी चप्पल घालता घालता थबकली. "सर, तो नारळ बघू?"

मी आणून दिला. तिने तो कानाशी धरून हलवला, दोघा मुलांनाही ऐकवला, आणि परत दिला.

दिवाळीच्या सुट्टीतली हरिद्वारची दोन तिकिटे मी काढली आहेत. वनस्पतिशास्त्रवाले येतो म्हणाले. त्यांचे गुडघे आता तेवढे चांगले नाहीत, पण तिथे पूल झाला असेल अशी त्यांना आशा आहे. भाऊबिजेनंतर जायचे. यात्रा बंद झालेली असते आणि वरची माणसे घरी आलेली असतात. तो पोरगा आता अठ्ठावीस वर्षांचा असेल. अक्रोडवालीने अंगठा दिला की नाही, शेत पुन्हा पेरले की नाही, यांतले मला काही ठाऊक नाही.

बायको म्हणते, जुना नारळ नेऊ नका, नवा न्या. मी दोन्ही बांधून ठेवले आहेत.